दुसऱ्या बॅचमध्ये कंट्रोलच्याच पेशी वाढतात तेव्हा: ऑप्टिकल फ्रॅक्शनेटर आणि सेक्शनची जाडी

"मॅडम, कंट्रोलचेच आकडे वाढलेत."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की पुढे काय येणार ते मला आधीच कळतं. पहिल्या बॅचमधल्या निरोगी (कंट्रोल) रॅटच्या डेंटेट गायरसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या एका भागात, एका बाजूला साधारण १२ लाख ग्रॅन्यूल पेशी (तिथले छोटे, दाटीनं बसलेले न्यूरॉन) आल्या. आठ-नऊ महिन्यांनी त्याच जातीच्या, त्याच वयाच्या, त्याच ॲनिमल हाउसमधल्या रॅटची दुसरी बॅच झाली. क्रायोस्टॅट (गोठवलेली ऊती कापायचं यंत्र) तोच, रंग तोच, मायक्रोस्कोप तोच, मोजणारी मुलगीही तीच. आणि आकडा आला १५ लाख. मधुमेही आणि निरोगी गटांत १०-१५ टक्के फरक दिसला तरी पुष्कळ झालं, अशी अपेक्षा होती. इथे निरोगी प्राण्यांमध्येच २५ टक्क्यांची तफावत.

अशा वेळी बहुतेक जण स्लाइड काढून पुन्हा मोजायला बसतात. कृपा करून तसं करू नका. पुन्हा मोजलं की बहुधा तोच आकडा पुन्हा येतो, तीन आठवडे जातात आणि मोजणाऱ्या मुलीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. चूक तिच्या डोळ्यांत नसते. बहुतेक वेळा ती सेक्शनच्या, म्हणजे मेंदूच्या पातळ कापांच्या, जाडीत असते, आणि ती शोधायला एक दुपार पुरते.

आधी कच्चा आकडा बघा

सॉफ्टवेअर शेवटी जो मोठा आकडा देतं तो बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष किती पेशींवर खूण केली तो आकडा काढा. आमच्याकडे पहिल्या बॅचमध्ये प्रत्येक प्राण्यामागे सरासरी ३८४ खुणा होत्या, दुसऱ्यात ४८०. (हिशेब नीट दिसावा म्हणून इथे मी आकडे थोडे गोल केलेत.)

३८४ खुणांवरून १२ लाख कसे होतात? ऑप्टिकल फ्रॅक्शनेटर, म्हणजे थोडा भाग मोजून एकूण पेशी काढायची आमची पद्धत, तिचं सगळं गणित गुणाकाराचं आहे. मेंदू ४० मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये कापला आणि दर बारावा सेक्शन घेतला. म्हणजे १२ ने गुणायचं. त्या सेक्शनवर १५० मायक्रॉनच्या पावलांनी चालत प्रत्येक थांब्यावर १२ बाय १२ मायक्रॉनची चौकट टाकली. २२,५०० चौरस मायक्रॉनपैकी १४४ चौरस मायक्रॉन बघितले, म्हणून १५६.२५ ने गुणायचं. आणि सेक्शनची जाडी २० मायक्रॉन असताना आत फक्त १२ मायक्रॉन खोलीपर्यंत मोजलं, म्हणून २० भागिले १२ ने गुणायचं. ३८४ गुणिले १२, गुणिले १५६.२५, गुणिले १.६६७: बरोबर १२ लाख.

या चार आकड्यांपैकी कोणता बदलू शकतो, एवढाच प्रश्न आहे. दर बारावा सेक्शन हा तुम्ही ठरवलेला आकडा. चौकट आणि पाऊल सॉफ्टवेअरमध्ये टाकलेलं, तेही बदललेलं नाही. मोजलेल्या खुणा प्रत्यक्ष मोजलेल्याच आहेत. राहिली जाडी. कापताना ४० मायक्रॉन असलेला सेक्शन स्लाइडवर चढवून, वाळवून, अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून डीपीएक्समध्ये (काच चिकटवायच्या माध्यमात) बसवला की आडवा फारसा आकसत नाही, पण खोलीत निम्मा होतो. कधी निम्म्याहून कमी. तो नेमका किती राहिला हे मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

आमच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये पहिल्या बॅचला एकदा मोजलेली २० मायक्रॉन ही जाडी कायमची भरून ठेवली होती आणि दुसऱ्या बॅचसाठी तीच फाइल कॉपी केली होती. दुसऱ्या बॅचच्या स्लाइड काढून जाडी मोजली तर ती भरली १६.

आता बघा काय होतं. पेशी तेवढ्याच आहेत, पण २० ऐवजी १६ मायक्रॉनमध्ये दाबल्या गेल्यात. म्हणजे त्या अधिक दाट झाल्या आणि १२ मायक्रॉन खोलीच्या डिसेक्टरमध्ये (मोजणीच्या पेटीत) ३८४ च्या जागी ४८० सापडल्या. खऱ्या जाडीनं गुणलं तर ४८० गुणिले १८७५, गुणिले १६ भागिले १२: पुन्हा बरोबर १२ लाख. पण फाइलमधल्या २० नं गुणलं तर १५ लाख. मुलीनं एकही पेशी चुकीची मोजली नव्हती.

याहून मोठी चूकही मी पाहिली आहे: जाडीच्या जागी कापायच्या यंत्रावर लावलेला ४० चा आकडा टाकणं. तेव्हा उत्तर सरळ दुप्पट होतं, २४ लाख. ही चूक मात्र लवकर पकडली जाते. कारण वेस्ट, स्लोमियान्का आणि गुंडरसन यांनी १९९१ मध्ये रॅटच्या हिप्पोकॅम्पसचे भाग याच पद्धतीनं मोजले तेव्हा ग्रॅन्यूल पेशी एका बाजूला साधारण १२ लाख आल्या होत्या, आणि २४ लाख पाहून कोणीही थबकेल. २५ टक्क्यांची चूक जास्त घातक, कारण ती खऱ्या परिणामासारखी दिसते. दुसऱ्या बॅचमध्ये निरोगी प्राणी जास्त आणि पहिल्यात मधुमेही जास्त असते, तर आम्ही 'मधुमेहानं ग्रॅन्यूल पेशी घटतात' असं लिहून मोकळे झालो असतो.

जाडी का बदलली

याचं उत्तर मिळायला आम्हाला वेळ लागला, आणि ते मिळालं वहीतल्या तारखांवरून. पहिल्या बॅचच्या स्लाइड जुलैमध्ये चढवल्या होत्या. पुण्याच्या पावसात स्लाइड सावकाश सुकतात, म्हणून त्या ओलसर असतानाच पुढच्या टप्प्याला घेतल्या होत्या. दुसरी बॅच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. शुक्रवारी संध्याकाळी सेक्शन चढवले आणि सोमवारी रंगवले. दोन दिवस कोरड्या उन्हाळी हवेत सेक्शन वाळत पडले होते आणि जिलेटिनच्या थरावर चपटे झाले होते. वाळवण्याचा वेळ ही प्रोटोकॉलमधली सगळ्यांत दुर्लक्षित ओळ आहे. 'रात्रभर वाळू द्या' असं लिहिलेलं असतं, पण रात्र जुलैची की एप्रिलची हे कोणी लिहीत नाही.

आता आमच्याकडे प्रत्येक गटातले प्राणी मिसळून एकाच दिवशी सेक्शन चढवतात, वाळवण्याचे तास घड्याळ लावून ठरलेले असतात आणि वहीत त्या दिवसाची आर्द्रता लिहिली जाते. तरीही जाडी मोजणं सुटत नाही. वाळवण एकसारखं ठेवल्यानं फरक कमी होतो, शून्य होत नाही.

जाडी मोजायची कशी

जाडी एका सेक्शनवर एकदा मोजून चालत नाही. एकाच सेक्शनमध्ये एका टोकाला १४ आणि दुसऱ्या टोकाला २२ मायक्रॉन मी स्वतः पाहिलेत. शक्य असेल तर प्रत्येक थांब्यावर मोजा. थांबे फार असतील तर दर तिसऱ्या-चौथ्या थांब्यावर, पण तो क्रम आधी ठरवून. जाड दिसली म्हणून तिथे मोजली, असं नको.

वरचा पृष्ठभाग म्हणजे रंगलेली एखादी गोष्ट पहिल्यांदा फोकसमध्ये येते ती जागा. तिथे शून्य लावा. मग खाली जात राहा; शेवटची गोष्ट फोकसमधून निघून गेली की आकडा वाचा. इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. कव्हरस्लिपच्या खालच्या बाजूला चिकटलेला रंगाचा कण हा पृष्ठभाग नव्हे, तो ऊतीच्या बाहेर असतो. आणि फोकसचं चाक मागेपुढे केलं की गिअरमधली ढील आकड्यात शिरते. म्हणून नेहमी एकाच दिशेनं, वरून खाली जा. स्टेजला स्वतंत्र झेड-एन्कोडर (तिची उंची मोजणारं उपकरण) असेल तर त्याचाच आकडा घ्या, चाकावरच्या खुणांचा नको.

लेन्स तेलाचीच हवी. हे मी अगदी ठासून सांगते, कारण ४० पटींची कोरडी लेन्स वापरून जाडी मोजलेले प्रबंध मी वाचले आहेत. तेल, काच आणि डीपीएक्स यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, १.५२ च्या घरात. मधे हवा आली की प्रकाश वाकतो. स्टेज १० मायक्रॉन हलली तर ऊतीतला फोकस साधारण १५ मायक्रॉन सरकतो. म्हणजे मोजलेली जाडी खऱ्या जाडीच्या दोन तृतीयांशच भरते. ६० किंवा १०० पटींची, १.३ ते १.४ ॲपर्चरची तेलाची लेन्स लावा, कंडेन्सर पूर्ण उघडा. कंडेन्सर अर्धवट मिटलेला असला तर फोकसचा थर जाड होतो आणि पेशीचा वरचा काठ नेमका कुठे आला ते ठरवता येत नाही. सेक्शन पाण्यातल्या माध्यमात बसवले असतील, म्हणजे फ्लोरेसन्सचे, तर तेलाची लेन्सही फसवते. तिथे माध्यमाशी जुळणारी लेन्स लागते.

मोजलेल्या जाड्यांची सरासरी कशी काढायची हाही प्रश्न आहे. साधी सरासरी पुरत नाही, कारण जिथे पेशी जास्त तिथली जाडी जास्त महत्त्वाची. तीन थांबे घ्या: जाडी १४, १८, २२ आणि तिथे सापडलेल्या पेशी ४, ३, १. साधी सरासरी १८ येते. पण प्रत्येक जाडीला तिथल्या पेशींनी गुणून एकूण पेशींनी भागलं तर १३२ भागिले ८, म्हणजे १६.५. तीन थांब्यांतच ९ टक्क्यांचा फरक पडला. डॉर्फ-पीटरसन, नीएनगार्ड आणि गुंडरसन यांनी २००१ मध्ये ऊतीच्या आकसण्यावर लिहिलं, तेव्हा हीच पेशीसंख्येनं भारित सरासरी वापरायला सांगितली होती. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं देतं. कोणतं घेतलं ते लिहून ठेवा.

पण आपण पेशींची टोकंच का मोजतो

हा प्रश्न नव्या विद्यार्थ्यांना पडतो, आणि त्याचं उत्तर कळल्याशिवाय पुढच्या दुरुस्त्या डोक्यात शिरत नाहीत. कलिंगडाच्या फोडी करा आणि प्रत्येक फोडीच्या कापलेल्या पृष्ठावर दिसणाऱ्या बिया मोजा. एखादी बी दोन फोडींमध्ये कापली गेली तर ती दोनदा मोजली जाते. मोठ्या बिया लहान बियांपेक्षा जास्त फोडींत दिसतात. फोडी जेवढ्या पातळ, तेवढी ही चूक मोठी. आडवी पडलेली बी आणि उभी बी यांचाही हिशेब वेगळा. सेक्शनमधल्या पेशींचं अगदी हेच होतं. स्वेन विक्सेल या स्वीडिश संख्याशास्त्रज्ञानं १९२५ मध्ये हा गुंता गणितात मांडला होता.

१९४६ मध्ये ॲबरक्रॉम्बी यांनी एक दुरुस्ती सुचवली: सेक्शनची जाडी भागिले जाडी अधिक केंद्रकाची उंची. १० मायक्रॉनचा सेक्शन आणि १० मायक्रॉनचं केंद्रक असेल तर दिसणाऱ्या आकड्याच्या निम्मे. ही दुरुस्ती आजही वापरली जाते, पण तिला केंद्रकाची खरी उंची माहीत असावी लागते. औषधानं किंवा आजारानं केंद्रक १० चं १२ मायक्रॉन झालं आणि तुम्ही उंची १० च धरली, तर एकही पेशी न वाढता तुमचा आकडा १० टक्क्यांनी वाढतो. आजारानं पेशी बदलतात म्हणूनच तर आपण प्रयोग करतो. मग पेशी बदलत नाहीत असं गृहीत धरणारी पद्धत कशी चालेल?

१९८४ मध्ये 'डी. सी. स्टेरिओ' या टोपणनावानं एक निबंध आला. इंग्रजीतल्या 'डिसेक्टर' या शब्दाचीच अक्षरं फिरवून ते नाव केलं होतं. कल्पना साधी होती: पेशी दिसली की मोजायची नाही, फक्त तिचं टोक मोजायचं. पेशी लहान असो, मोठी असो, आडवी असो की तिरकी, तिला वरचं टोक एकच. त्या एका टोकामुळे पेशीच्या आकाराचा प्रश्नच मिटला. जाड सेक्शनमध्ये फोकस खाली नेत नेत हेच करता येतं, तो ऑप्टिकल डिसेक्टर. त्याला अंशाअंशांच्या सॅम्पलिंगची जोड दिली की ऑप्टिकल फ्रॅक्शनेटर. पाकेनबर्ग आणि गुंडरसन यांनी १९९७ मध्ये माणसाच्या निओकॉर्टेक्समधले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) न्यूरॉन मोजले ते डिसेक्टरच्याच जोरावर: बायकांत सरासरी १९ अब्ज, पुरुषांत २३ अब्ज. एवढ्या मोठ्या आकड्यासाठी प्रत्येक मेंदूत प्रत्यक्षात काहीशे पेशीच मोजाव्या लागतात. मला आजही ते सुंदर वाटतं.

खोलीचा आलेख: निदानाचं सगळ्यांत उपयोगी साधन

जाडी दुरुस्त करूनही आकडा पटत नसेल, तर पुढचं काम हे. आठ-दहा थांबे नव्हे, चांगले शे-दीडशे थांबे घ्या. गार्ड झोन (पृष्ठाजवळचा न मोजता सोडलेला थर) शून्य करा, म्हणजे सेक्शनच्या वरच्या पृष्ठापासून खालच्या पृष्ठापर्यंत पूर्ण मोजा. प्रत्येक पेशीच्या टोकाची खोली त्या जागेच्या जाडीच्या टक्क्यांत लिहा आणि दहा-दहा टक्क्यांचे दहा स्तंभ काढा. पेशी खोलीत समान पसरलेल्या असतील तर स्तंभ साधारण सारख्या उंचीचे येतील. ते तसे येत नाहीत तेव्हा आलेखाचा आकारच आजार सांगतो.

पहिला आणि शेवटचा स्तंभ खुजे, मधले सारखे: हे सामान्य आहे. कापताना पात्यानं पृष्ठभागावरची केंद्रकं ओढून नेलेली असतात किंवा धुताना ती गळून पडतात. यासाठीच गार्ड झोन असतो. खुजे स्तंभ जेवढ्या खोलीपर्यंत आहेत तेवढा गार्ड झोन ठेवा आणि डिसेक्टर मधल्या सपाट भागात बसवा. मात्र डिसेक्टरची उंची सरासरी जाडीवर ठरवू नका, सगळ्यांत पातळ जागेवर ठरवा. आमच्या दुसऱ्या बॅचमध्ये १६ ची सरासरी होती, पण काही जागा १३ मायक्रॉनच्याच होत्या. वर २ मायक्रॉनचा गार्ड झोन आणि १२ चा डिसेक्टर म्हणजे १४. तिथे डिसेक्टरचं तळ ऊतीच्या बाहेर काचेवर गेलं होतं. आम्ही उंची १० केली. त्यासाठी पुन्हा मोजावं लागलं नाही, कारण प्रत्येक खुणेची खोली फाइलमध्ये साठवलेली होती. २ ते १२ मायक्रॉनमधल्या खुणा ठेवल्या, बाकीच्या गाळल्या. तुमचं सॉफ्टवेअर खोली साठवतं का हे मोजायला सुरुवात करण्यापूर्वी बघून घ्या.

मधले स्तंभ खुजे, कडेचे उंच: ही अँटिबॉडी आत न पोचल्याची खूण. न्यूएनसारख्या (न्यूरॉन रंगवणाऱ्या) अँटिबॉडीनं ४० मायक्रॉनचे सेक्शन रंगवले की वरून आणि खालून काही मायक्रॉन सुंदर रंगतात आणि मधला थर फिका राहतो. डोळ्यांना सेक्शन छान दिसतो, कारण आपण तो वरून बघतो. डिसेक्टर मात्र नेमका त्या फिक्या थरात बसलेला असतो, आणि आकडा ३०-४० टक्क्यांनीही पडू शकतो. गटांमध्ये ऊतीचा कडकपणा वेगळा असेल तर हा फरक आजाराचा परिणाम म्हणून बाहेर येतो. उपाय: सेक्शन स्लाइडवर न चढवता वाडग्यांत तरंगते ठेवून रंगवा, ट्रायटन (अँटिबॉडीला आत शिरू देणारं डिटर्जंट) ०.३ टक्के करा, पहिली अँटिबॉडी एका रात्रीऐवजी ४८ ते ७२ तास, ४ अंशांवर, हळू हलवत. दुसऱ्या अँटिबॉडीलाही तेवढाच मान द्या. ती आत न पोचली तर पहिलीचं पोचणं वाया जातं. पडताळणीसाठी त्याच सेक्शनवर निस्सलचा रंग चढवा. तो पूर्ण खोली रंगवतो, त्यामुळे फरक कुठे आहे ते तिथल्या तिथे दिसतं.

एका बाजूनं दुसऱ्या बाजूकडे उतरता आलेख आला तर सेक्शन एकाच बाजूनं रंगला, किंवा एका पृष्ठाजवळ तो जास्त दबला गेलाय. व्हायब्राटोमच्या (थरथरत्या पात्याच्या यंत्राच्या) सेक्शनमध्ये दाब कडेच्या थरांत जास्त असू शकतो. हा प्रकार सॅम्पलिंग बदलून सुटत नाही. तिथे ऊती तयार करण्याची पद्धतच बदलावी लागते. मेथॅक्रिलेटमध्ये (एका प्लास्टिकमध्ये) बसवलेले जाड सेक्शन खोलीत कमी आकसतात, पण त्यात अँटिबॉडी चालवणं अवघड जातं.

दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत

या तक्रारीत मी आधी दोघांना एकाच स्क्रीनसमोर बसवते आणि त्याच वीस थांब्यांवर वेगवेगळं मोजायला लावते. जवळजवळ दर वेळी फरक एकाच ठिकाणी सापडतो: एक जण टोक फोकसमध्ये आलं की खूण करतो, दुसरा पेशी सगळ्यांत स्पष्ट दिसली की. डिसेक्टरच्या वरच्या पातळीवर आधीच फोकसमध्ये असलेली पेशी मोजायची नाही, आणि तळाच्या पातळीपर्यंत नव्यानं फोकसमध्ये आलेली प्रत्येक पेशी मोजायची. एवढा एक नियम दोघांनी एकसारखा पाळला की तफावत बहुतेक मिटते.

चौकटीचाही नियम आहे. डावी आणि खालची लाल रेघ, तिच्या बाहेर वाढवलेल्या टोकांसह. तिला स्पर्श करणारी पेशी सोडायची. उजव्या-वरच्या हिरव्या रेघेला स्पर्श करणारी घ्यायची. गुंडरसननं १९७७ मध्ये ही चौकट मांडली ती कडेवरच्या पेशी दोनदा मोजल्या जाऊ नयेत म्हणून. नवी मुलं लाल रेघेची बाहेर गेलेली शेपटी विसरतात.

ग्रॅन्यूल पेशींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: काय मोजायचं, पेशी, केंद्रक की केंद्रिका (केंद्रकातला गडद ठिपका)? ग्रॅन्यूल पेशी एकमेकींना इतक्या चिकटून असतात की पेशीचा काठ दिसतच नाही. आम्ही केंद्रक घेतो. केंद्रिका घेऊ नये, कारण एका केंद्रकात त्या कधी दोन-तीन असतात.

घाईत पाहायच्या गोष्टी

पहिला सेक्शन नेहमी जिथे हिप्पोकॅम्पस सुरू होतो तोच घेत असाल तर ते थांबवा. १ ते १२ मधून चिठ्ठी काढा आणि तिथून सुरुवात करा. एखादा सेक्शन फाटला असेल तर त्याच्या जागी आजूबाजूच्या दोघांची सरासरी धरा आणि तसं लिहा. तीन-चार फाटले असतील तर तो प्राणी सोडलेला बरा. कमी पटींच्या लेन्सवर थराची हद्द आखताना ती थोडी बाहेरून आखा; पेशी थरात आहे की हायलसमध्ये (थराच्या आतल्या बाजूच्या भागात), हे मोठ्या लेन्सवर, पेशी समोर असताना ठरवा. आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. स्लाइडवर कागद चिकटवून नंबर बदलायला दहा मिनिटं लागतात.

जास्त पेशी मोजून प्रश्न सुटतो का?

नाही. हे सांगताना मला नेहमी विरोध होतो, म्हणून आकडे देते. ३८४ पेशी मोजल्या की निव्वळ मोजणीची अनिश्चितता साधारण ५ टक्के, म्हणजे एक भागिले ३८४ चं वर्गमूळ. प्राण्याप्राण्यांतला फरक १५ टक्के असेल तर त्यांचे वर्ग ०.०२२५ आणि ०.००२५. म्हणजे दिसणाऱ्या एकूण फरकात मोजणीचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा. दहा सेक्शनच्या सॅम्पलिंगमुळे त्यात थोडी भर पडते, तरी चित्र बदलत नाही. दुप्पट पेशी मोजल्या तर महिनाभर मुलगी मायक्रोस्कोपला खिळून राहील आणि गटाची अनिश्चितता जवळजवळ तेवढीच राहील. तो वेळ दोन प्राणी वाढवण्यात घालवा. आणि जाडीची २५ टक्के चूक तर हजार पेशी मोजूनही २५ टक्केच राहते. पद्धतशीर चूक संख्येनं विरत नाही.

एक मोह मात्र आवर्जून टाळायचा. आकडे पटत नाहीत तेव्हा कोणीतरी सुचवतं की एकूण संख्या सोडा, घनता लिहा, ती 'स्थिर' येते. घनता स्थिर येते कारण ती जे सांगायला हवं ते सांगत नाही. आजारी प्राण्यात तो भाग २० टक्क्यांनी आकसला आणि एकही पेशी मेली नाही, तरी घनता २५ टक्क्यांनी वाढते. २० टक्के पेशी मेल्या आणि भागही तेवढाच आकसला, तर घनता जशीच्या तशी. हा संदर्भ-आकारमानाचा सापळा १९८६ पासून नाव घेऊन सांगितला जातोय, तरी दरवर्षी नवा कोणी त्यात पडतोच. घनता लिहायचीच असेल तर कावालिएरीच्या पद्धतीनं त्या भागाचं आकारमानही मोजा. ठिपक्यांची जाळी टाकून क्षेत्र मोजायचं, सेक्शनमधल्या अंतरानं गुणायचं. दहा सेक्शनला अर्धा तास लागतो. मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या.

आमच्या त्या दुसऱ्या बॅचचं पुढे असं झालं: २२ प्राण्यांच्या जाड्या पुन्हा मोजायला चार दिवस लागले. डिसेक्टरची उंची १० केल्यावर निरोगी गटाच्या खुणा सरासरी ४०० राहिल्या, जाडी १६, आणि एकूण आकडा पुन्हा १२ लाखांच्या आसपास बसला. दोन प्राणी तरीही खाली राहिले. त्यांचा खोलीचा आलेख काढला तेव्हा मधले चार स्तंभ जवळजवळ रिकामे होते. त्या दोघांचे पुढच्या मालिकेतले सेक्शन फ्रीजरमध्ये गोठणरोधक द्रावात शिल्लक होते. ते ७२ तासांच्या अँटिबॉडीत टाकले आहेत, आणि सोमवारी पुन्हा मायक्रोस्कोपखाली येतील.